भाषांच्या यादीत झेंडे कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संकेतस्थळावर भाषा निवडण्याच्या जागी राष्ट्रध्वजांची चिमुकली चित्रे लावण्याची पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. इंग्रजी हवी असली की मीही बरीच वर्षे निमूटपणे ब्रिटनचा ध्वज शोधत असे. अलीकडे मात्र अर्ज भरण्याच्या एका पानावर सहा-सात ध्वजांच्या रांगेत तिरंगा दिसला आणि बोट थबकले. हा दाबल्यावर नेमके काय उघडणार? उघडली ती हिंदी. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत भाषा २२ आणि ध्वज एक. उरलेल्या २१ भाषांनी कोणता ध्वज लावायचा, हे ते पान तयार करणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

ही अडचण एकट्या भारताची नाही. ध्वज राज्यसंस्थेचा असतो आणि राज्याची सीमा भाषेच्या सीमेशी तंतोतंत जुळणे हा अपवादच. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय भाषा चार आहेत. बेल्जियमच्या अधिकृत भाषा तीन, आणि त्यांत ‘बेल्जियन’ नावाची एकही नाही. उलट, स्पॅनिशसाठी स्पेनचा ध्वज लावला जातो, पण ती बोलणारे स्पेनपेक्षा मेक्सिकोत कितीतरी अधिक आहेत. बंगालीसाठी बांगलादेशाचा ध्वज लावावा तर पश्चिम बंगालचा वाचक परका ठरतो. तमिळ तर भारतातल्या तमिळनाडूबरोबरच श्रीलंका आणि सिंगापूरचीही अधिकृत भाषा आहे. बास्क किंवा कुर्दिश भाषकांना स्वतःचे सार्वभौम राष्ट्रच नाही, आणि कुर्दिशसाठी तुर्कस्तानचा वा इराकचा ध्वज लावणे ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही.

तांत्रिक चुकांचा मासलाही पाहण्यासारखा आहे. भाषांसाठी आणि देशांसाठी दोन-दोन रोमन अक्षरांचे आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेले आहेत, पण ते दोन स्वतंत्र तक्ते आहेत. भाषांच्या तक्त्यात ‘एमआर’ म्हणजे मराठी, तर देशांच्या तक्त्यात तोच संकेत मॉरिटानियाचा. ‘एमएल’ म्हणजे मल्याळम, आणि माली हा देशही. ‘बीएन’ बंगालीचा, तसाच ब्रुनेईचा. अरबीचा ‘एआर’ अर्जेंटिनाचाही आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने भाषेच्या संकेतावरून थेट ध्वज उचलण्याची सोय केली, तर मराठी वाचकासमोर पश्चिम आफ्रिकेतील एका देशाचा ध्वज फडकेल आणि संगणकाच्या लेखी त्यात काहीच चुकलेले नसेल. (शिवाय इतक्या लहान आकारात रोमानिया आणि चाड यांचे ध्वज वेगळे ओळखून दाखवावेत!)

ध्वजांच्या बाजूने एक मुद्दा जरूर आहे. न वाचता येणाऱ्या लिपीतले पान चुकून समोर आले, तर भाषा बदलण्याची कळ शोधायला रंगीत चित्राचा आधार वाटतो. पण त्यासाठी प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहिले की पुरे. जपानी किंवा अरबी अक्षरांच्या गर्दीतही ‘मराठी’ हा शब्द आपल्याला क्षणात सापडतो. ‘जॅपनीज’ हे इंग्रजी नाव मात्र फक्त जपानी वाचणाऱ्याच्या काय कामाचे? विकिपीडियावर भाषांची यादी अशीच, ज्या त्या लिपीत असते, आणि महाजालाची मानके ठरवणारी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम ही संस्थाही भाषेसाठी ध्वज वापरू नयेत असेच सांगते. नाव मजकूर म्हणून लिहिलेले असले की दृष्टिहीनांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअरही ते उच्चारते; चित्राला पर्यायी मजकूर द्यायचे राहून गेले, तर त्याला काहीच सांगता येत नाही.

ध्वज सरसकट हटवा, असे माझे म्हणणे नाही. माल कोणत्या देशात पाठवायचा किंवा किंमत कोणत्या चलनात दाखवायची, हे विचारताना ध्वज अगदी योग्य जागी असतो, कारण तेथे प्रश्नच देशाचा असतो. मात्र त्या उत्तरावरून भाषा परस्पर ठरवू नये. देश आणि भाषा हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. ब्राझीलची पोर्तुगीज पोर्तुगालच्या पोर्तुगीजहून वेगळी दाखवायची असेल, तर भाषेच्या नावापुढे कंसात देशाचे नाव लिहिता येते.

आपला,
एक वाचक