ती बटणाची खुर्ची पाठवू नकोस

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

बटण दाबलं की माणसाला उभं करणारी खुर्ची बाबांसाठी बघून ठेवलीयस म्हणालास. ती पाठवू नकोस. का ते सांगते.

सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या वेळी माझ्या लक्षात आलं. तिशीत जत्रेतला उंच, जड नंदीध्वज पेलणारा माणूस, यंदा मिरवणूक बघून उठताना मांड्यांवर दोन्ही हात रेटून उठला. वजन म्हणशील तर तेच, ६२ किलो. तिथंच आपण फसलो. वयानं स्नायू उतरतात, त्या जागी चरबी बसते, काट्याला काय त्याचं!

गुडघ्यासाठी जातो तिथल्या फिजिओथेरपीच्या मुलीनं घरी करायची चाचणी सांगितली. खुर्ची भिंतीला टेकवायची, हातांची छातीवर घडी, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं. बाबांना १४ सेकंद लागले. युरोपात १५ पर्यंत चालतं हे कळल्यावर स्वारी खूश. पण आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत १२ सेकंद झाले की स्नायू उतरल्याची शंका धरतात. म्हणजे तिकडे पास, सोलापुरात नापास! (मला ११ लागले. जन्मभर पाटावरची ऊठबस कामी आली म्हणायची.)

मग अंगणात खडूनं ६ मीटर आखले. नेहमीच्या चालीनं सेकंदाला एक मीटर तरी पडायला हवं. त्यात ते साडेपाच सेकंदांत पार झाले. उठायला उशीर दुखऱ्या गुडघ्यामुळेही होतो, म्हणून डॉक्टरांनी मुठीची ताकद मोजली. पुरुषाची २८ किलोच्या खाली नको, यांची २४ भरली. मागावर उभं आयुष्य काढलेले हात रे.

आता रोज तीनदा, दहा-दहा वेळा खुर्चीतून हात न टेकता उठायचं. तुझी खुर्ची आली तर नेमकं तेच बंद पडेल. किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं सांगितलीत. शेंगाचटणी-भाकरीत सगळं येतं असं बाबांचं म्हणणं. मी डाळ, दही नि अंडी वाढवलीत. अंड्यावरून दोन दिवस अबोला होता.

पैसे घालवायचेच असतील तर पाडव्याचं तिकीट काढ. तेव्हा परत चाचणी आहे, आणि मी मोबाईल आधीच सुरू करते असा त्यांचा आरोप आहे. सेकंद तू मोज.

तुझी आई