मुक्ता, तुझं शेड्यूल बघितलं

प्रिय मुक्ता,

तुझी एक्सेल शीट मिळाली, ती रस्त्याची जीपीएक्स फाईल पण शेजारच्या पोराकडून फोनवर उघडून घेतली आणि रोज संध्याकाळी नकाशा मोठा करकरून सगळा रूट बघितला. स्पेनमधला तो सायकलचा रूट, मोंतान्यास वासियास, तेरुएल शहरात सुरू आणि तेरुएललाच शेवट, सातशे किमीच्या आसपास, आणि तू लिहिलंयस सात दिवस, रोज शंभर. हे काही मला पटलेलं नाही. जाऊ नको असं म्हणत नाहीये हां, आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पुढचं वाचणारच नाहीस.

माझी उभी नोकरी एसटीच्या कंट्रोलर केबिनमध्ये गेली, त्यामुळे नुसते किमी बघून वेळ ठरवलेला दिसला की डोकं फिरतं. साताऱ्याहून बामणोली कागदावर पस्तीसेक किमी, हायवेला तेवढ्याला पाऊण तास पण लागत नाही, पण यवतेश्वरचा घाट चढून कासवरून पलीकडे उतरायचं म्हटल्यावर रनिंग टाइम वेगळाच लावावा लागतो. तुझा रूट बहुतेक सगळा जंगलातल्या कच्च्या रस्त्यांनी जातो. तेरुएल शहरच ९०० मीटरच्या वर, तिथून अल्बार्रासीन, मग मोंतेस उनिवेर्सालेसच्या डोंगरात ग्रिएगोस म्हणून गाव आहे ते १६०० मीटरवर, आणि मधेमधे दरीत उतरा परत चढा चालूच. सायकल सामानासकट पंचवीस किलोची, आणि तू राहतेस नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला, जिथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. शंभरचे साठ कर. अकरा दिवस धर. पुढची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चाक, छोटी बसवून घे, सायकलवाला नको म्हणाला तरी.

आता तारीख. तू शनिवारी १० ऑक्टोबरला निघतेयस. रविवारी तिकडे दुकानं बंद, आणि सोमवारी १२ ऑक्टोबर म्हणजे त्यांची राष्ट्रीय सुट्टी, वर पिलार देवीचा सण, आरागोनमध्ये, म्हणजे तेरुएल ज्या भागात येतं तिथे, तो जोरात असतो. म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतरच पिशवी रिकामी आणि समोर शटर. मंगळवारी १३ ला नीघ, २३ ला परत तेरुएलला येशील. २५ ला पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर सहाच्या सुमारास अंधार. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य उगवतो सव्वाआठला आणि मावळतो साडेसातच्या आत, तू शीटमध्ये साडेसहाला निघायचं टाकलंयस, अंधारात कुठे जाणार आहेस आणि थंडी केवढी असेल त्या वेळी?

खाण्याचं मात्र शांतपणे बसून कर. तेरुएल प्रांत आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठा, आणि माणसं सगळी मिळून सव्वा लाखाच्या थोडी वर, आपल्याकडे तीस लाख. "तेरुएल एक्सिस्ते" म्हणजे तेरुएल पण आहे बरं का, अशी घोषणा देत लोक १९९९ पासून भांडतायत, रेल्वे द्या दवाखाने द्या म्हणून, २०१९ ला त्यांचा खासदार पण निवडून आला. नकाशावर गाव दिसलं म्हणजे दुकान असेल असं धरूच नको. खूप गावांत एक बार असतो, तिथेच जेवण, तिथेच गप्पा, कधी बारच्या मागे फळीवर चार डबे विकायला. काही ठिकाणी तेही नाही, पाववाला व्हॅन घेऊन येतो, हॉर्न मारतो, म्हाताऱ्या बायका पिशवी घेऊन बाहेर येतात, दहा मिनिटांत गाडी पुढच्या गावाला. दुकान असलंच तरी दुपारी दोन ते पाच बंद. म्हणून शीटमध्ये किमीच्या कॉलमशेजारी एक कॉलम कर, कुठलं गाव, दुकान का बार, किती वाजता पोचणार, वार कुठला. आणि मुक्काम त्या कॉलमवरून ठरव. एका वेळचं जेवण कायम जास्तीचं असू दे. पाणी गावाच्या चौकातल्या नळाला मिळतं, पण "नो पोताब्ले" लिहिलेलं असलं तर भरायचं नाही.

तुझ्या शीटमध्ये शिकारीचं काहीच नाही. ऑक्टोबरपासून तिकडे हाका घालून रानडुकराची शिकार चालू होते, जास्त करून शनिवार-रविवारी, वाटेच्या तोंडाला पिवळा बोर्ड लावतात "बातीदा" म्हणून. बोर्ड दिसला की तिथेच थांबायचं, माणूस असेल तर विचारायचं, नाहीतर डांबरी रस्त्यानं जायचं. भडक केशरी जॅकेट घाल, काळं नको, तुला काळं आवडतं माहितेय. आणि रात्री तंबूबाहेर कुणीतरी रेड्यासारखं डरकायला लागलं तर घाबरू नको, ती हरणं, सप्टेंबर-ऑक्टोबरात नर असेच ओरडतात, मी व्हिडिओ बघितला, तुझी आई स्वयंपाकघरातून पळत आली.

थंडीला हलकं घेऊ नको. तिथनं जवळच कालामोचाला १९६३ च्या डिसेंबरात उणे ३० ची नोंद आहे. तुझ्या वेळी तेवढं नाही, पण रात्री पाणी गोठेल इतपत धरून चाल. आणि पाऊस. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सियाकडे जो पूर आला त्यात दोनशेवर माणसं गेली, चीवा गावात आठ तासांत ४९० मिलिमीटर पडला, आणि खाली जिथे घरं बुडाली तिथे कितीतरी ठिकाणी पाऊस फारसा नव्हताच, पाणी वरून आलं. त्यामुळे कोरडा ओढा कितीही सपाट आणि छान दिसला तरी तिथे तंबू लावायचा नाही, लावायचा नाही म्हणजे नाही. हवामान खात्याचं, आएमेतचं, ॲप टाक, केशरी किंवा लाल इशारा असेल तर गावातच बस. पावसानंतर तिथली चिकणमाती टायरला अशी चिकटते की चाकच फिरत नाही म्हणतात, तेव्हा ढकलत बसण्यापेक्षा डांबरी रस्ता घे.

बाकी बारीकसारीक. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिकडेच घ्यायचा, जंगलात शेकोटी अजिबात नाही. पासपोर्ट आणि परमिट जवळ. तेरुएलच्या रेल्वेगाडीचं आणि त्यात सायकल घेतात का ते आधी बघ, त्या लाईनीवर कामं चालू असतात. मोबाईलला रेंज जिथे नाही तिथले नकाशे आधीच उतरवून ठेव. अडचणीला ११२.

बदललेली शीट मला पाठव, मी मुक्काम तपासून देतो. आई विचारतेय मेतकूट किती पाठवू, पाव किलो पुरेल का, का तुझी मैत्रीण पण खाईल?

बाबा