फ्लुरोक्विनोलोनवरचे निर्बंध परिपत्रकापुरते राहू नयेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही ‘फ्लुरोक्विनोलोन’ गटातली अँटिबायोटिक्स लघवीची जळजळ, सायनस, खोकला अशा साध्या तक्रारींवर अजूनही सर्रास लिहून दिली जातात. गोळी पोटातून चांगली शोषली जाते, दिवसातून एकदा-दोनदाच घ्यावी लागते आणि अनेक जंतूंवर चालते. त्यामुळे डॉक्टरांचा हात तिच्याकडे सहज वळतो.

अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २००८ मध्ये या गटाच्या वेष्टनावर टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) सुजण्या-तुटण्याचा चौकटीतला इशारा सक्तीचा केला. २०१६ मध्ये, सायनस, ब्राँकायटिस (श्वासनलिकांचा दाह) आणि मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गात दुसरा पर्याय असेल तर ही औषधे देऊ नयेत, असे सांगितले. २०१९ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातले. ब्रिटनच्या नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये याहून पुढे जाऊन नियम केला की नेहमीची अँटिबायोटिक्स अयोग्य ठरली तरच हा गट वापरायचा. ‘अयोग्य’ म्हणजे काय तेही सांगितले: जंतू त्यांना दाद देत नाही, रुग्णाला ती देता येत नाहीत, दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली किंवा उपचार फसला. हा नियम आम्हाला सर्वांत स्पष्ट वाटतो. मात्र नुसत्या परिपत्रकाने लिहिण्याची सवय बदलत नाही. निर्णय जिथे घेतला जातो तिथेच अडसर हवा.

पहिली जागा प्रयोगशाळेची. लघवीच्या कल्चरच्या (जंतू वाढवून कोणते औषध चालते ते पाहणाऱ्या तपासणीच्या) अहवालात दहा-बारा औषधांची यादी छापली की नजर ओळखीच्या नावावर थांबते. जंतू नायट्रोफ्युरँटोइनला (मूत्राशयाच्या संसर्गावरच्या दुसऱ्या औषधाला) दाद देत असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनचा निकाल अहवालात दाखवूच नये. डॉक्टरांनी मागितल्यास द्यावा. खर्च जवळपास शून्य, आणि कुणाशी वाद घालावा लागत नाही. त्याआधीचा प्रश्न म्हणजे कल्चर पाठवलेच कशाला? कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या वृद्धाच्या लघवीत जंतू सापडणारच. ताप, वेदना, जळजळ काही नसेल तर त्यावर उपचार लागत नाहीत; गरोदरपण आणि मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रिया एवढेच अपवाद.

दुसरी जागा पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद. केसपेपरवर ही नोंद दिसली की लिव्होफ्लॉक्सासिन लिहिले जाते. प्रत्यक्षात अशी नोंद असलेल्या बहुतेकांना तपासणीत ॲलर्जी आढळत नाही. लहानपणी औषधाने मळमळले, एवढ्यावरही ती चिकटलेली असते. काय झाले, केव्हा झाले, पुन्हा पेनिसिलिन घेतले का, हे तीन प्रश्न दाखल करतानाच विचारले तर बरीच नावे या यादीतून गळतील.

मनाई करताना पर्याय शेजारीच लिहिलेला हवा. स्त्रियांच्या मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला फॉस्फोमायसिन या अँटिबायोटिकचा ३ ग्रॅमचा एकच डोस किंवा नायट्रोफ्युरँटोइनचा छोटा कोर्स पुरतो. पण नायट्रोफ्युरँटोइन ऊतींत पुरेसे पोहोचत नाही. म्हणून किडनीच्या किंवा प्रोस्टेटच्या संसर्गात ते उपयोगाचे नाही, आणि ईजीएफआर (किडनीच्या कामाचा रक्ततपासणीतला आकडा) ४५ च्या खाली असेल तर सहसा टाळतात. पर्याय न देता नुसते कुलूप लावले, तर फुगा एका बाजूने दाबावा तसे होते: वापर सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम या दुसऱ्या अँटिबायोटिक गटांकडे सरकतो, आणि ते नुकसान जास्त मोठे. म्हणून दरमहा एकाच गटाचा नव्हे, सगळ्या अँटिबायोटिक्सचा वापर मोजावा.

काही आजारांत मात्र या गटाची खरी गरज असते, आणि तिथे परवानगीसाठी रुग्णाला ताटकळत ठेवणे अन्यायाचे आहे. स्यूडोमोनास या चिवट जंतूवर तोंडाने घेता येणारे नेहमीच्या वापरातले औषध याच गटात आहे. जंतूंमुळे होणाऱ्या प्रोस्टेटच्या दाहात ते आत पोहोचते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केलेल्या सहा महिन्यांच्या उपचारात मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. म्हणूनच निदान न झालेल्या खोकल्यावर लिव्होफ्लॉक्सासिन देणे आम्हाला विशेष घातक वाटते. त्याने क्षय अर्धवट दबतो, रुग्णाला बरे वाटते, निदान लांबते आणि पुढे लागणारे औषधच निकामी होण्याचा धोका वाढतो.

औषध द्यायचे ठरलेच तर फार्मासिस्टने पाच गोष्टी तपासाव्यात. वय साठच्या पुढे आहे का, स्टेरॉइड सुरू आहे का, किडनी कशी आहे (डोस त्यावर ठरतो), महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुगल्याचा इतिहास आहे का, आणि सोबतची औषधे कोणती. सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर टिझानिडीन (स्नायू सैल करणारे औषध) चालतच नाही. रक्तातले टिझानिडीनचे प्रमाण वाढून रक्तदाब कोसळू शकतो. दम्यावरच्या थिओफायलिनचेही प्रमाण वाढते. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर पाहावी लागते. अँटासिड, लोह, झिंक किंवा कॅल्शियम सोबत घेतले तर औषध आतड्यातच बांधले जाते; सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावे.

रुग्णाला सोप्या भाषेतली चिठ्ठी औषधासोबतच मिळावी: टाचेमागे किंवा खांद्यात दुखले, हातापायांना मुंग्या आल्या, स्नायूंत अशक्तपणा वाटला किंवा मन अचानक बिघडले, तर पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत, पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आली तर थेट आपत्कालीन विभागात जा. टेंडनचा त्रास औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही सुरू होऊ शकतो, म्हणून कोर्स संपला तरी चिठ्ठी टाकू नये, हेही तिच्यावर छापावे.

आपले,
अँटिबायोटिक वापरावर देखरेख करणारे डॉक्टर व फार्मासिस्ट