कार्ताझ म्हणजे कायदा आणि दस्तक म्हणजे चाचेगिरी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘व्हास्को द गामाने भारताचा शोध लावला’ असे आता सहसा कोणी लिहीत नाही. त्याऐवजी ‘भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधला’ असे लिहितात आणि चूक दुरुस्त झाली असे समजतात. २० मे जवळ आला की दिनविशेषाच्या सदरांत, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये हेच वाक्य फिरू लागते. शब्द बदलला, पण बघायची जागा तीच राहिली. आपण अजून लिस्बनच्या धक्क्यावर उभे राहून कोकणाकडे बघतो आहोत. म्हणूनच पोर्तुगीजांचा सागरी परवाना, म्हणजे कार्ताझ, आपल्याला कायदा वाटतो आणि कान्होजी आंग्र्यांचा तसाच परवाना, म्हणजे दस्तक, चाचेगिरी.

आधी त्या प्रवासाचाच हिशेब करू. गामाच्या खाती जमा करावी अशी गोष्ट अटलांटिकमधली आहे. ऑगस्ट १४९७ मध्ये केप व्हर्देच्या बेटांवरून निघून, आफ्रिकेचा किनारा सोडून, वाऱ्याच्या कलाने त्याने भर समुद्रात मोठा वळसा घेतला आणि तीन महिने जमीन न पाहता नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेचा किनारा गाठला. हे धाडस होते, ते नाकारायचे कारण नाही. पण पुढचा, पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीपासून कालिकतपर्यंतचा टप्पा पूर्ण रुळलेला होता. मालिंदीच्या सुलतानाने वाटाड्या दिला, २४ एप्रिल १४९८ ला जहाजे सुटली आणि २० मेला कालिकतसमोर नांगर पडला. हा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिद, ही कथा मागाहून चिकटलेली आहे. पोर्तुगीज बखरकारच त्याला गुजराती म्हणतात.

परतीची गोष्ट पाठ्यपुस्तकात येत नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून गामा ५ ऑक्टोबरला निघाला. त्या दिवसांत नैर्ऋत्येचा वारा पडलेला असतो आणि ईशान्येचा अजून धरलेला नसतो. पश्चिमेकडे जाणारी गलबते म्हणूनच नोव्हेंबरनंतर शिडे उभारत. गामाच्या माणसांनी वाट पाहिली नाही. येताना चार आठवड्यांच्या आत कापलेले पाणी परतताना जवळजवळ तीन महिने संपेना. हिरड्या सुजून, दात हलून तीसएक माणसे दगावली. सोमालियाचा किनारा दिसला तो २ जानेवारी १४९९ ला. पुढे तीन जहाजे चालवायला खलाशी पुरेनात, म्हणून त्यांतले ‘साव राफाएल’ त्यांनी जाळून टाकले. नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात न घालणाऱ्या किनाऱ्यावरच्या कोणीही त्यांना हे आधी सांगितले असते.

आणि हे ज्ञान नुसते अंदाजाचे नव्हते. अरब आणि हिंदी नाविक ‘कमाल’ नावाचे साधन वापरत. लाकडाची छोटी चौकोनी फळी, तिच्या मधून ओवलेली गाठी मारलेली दोरी. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची. वरच्या कडेला ध्रुवतारा आला, म्हणजे त्या गाठीच्या बंदराचे अक्षांश लागले. मग सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला चालत राहायचे. ताऱ्याची उंची बोटांत मोजत, एक बोट म्हणजे सुमारे दीड अंशाहून थोडे जास्त. उणीव एवढीच, की ध्रुव क्षितिजाला टेकू लागला की हे साधन निरुपयोगी. विषुववृत्ताच्या दक्षिणेला दुसरे तारे धरावे लागत.

कालिकतच्या दरबारात काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. तिथल्या सामुतिरी (झामोरिन) राजासाठी गामाने काढलेला नजराणा असा : पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार लाल टोपडी, सहा हॅट, पोवळ्यांचे चार सर, हात धुवायच्या सहा तस्तांची एक पेटी, एक पेटी साखर, दोन पिंपे तेल आणि दोन पिंपे मध. ही यादी त्या प्रवासातल्या पोर्तुगीजांच्याच रोजनिशीत आहे. राजाचे अधिकारी ते पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त आणतो, असे ते म्हणाले. नारळाच्या मुलखात तेलाची पिंपे घेऊन यायचे, याला काय म्हणावे! युरोपजवळ पूर्वेला विकण्याजोगा माल जवळजवळ नव्हता, ही त्या काळाच्या व्यापाराची किल्ली आहे आणि ती या यादीतच सापडते.

मग पोर्तुगीजांनी नवे काय आणले? परवाना. गामा परतताच १४९९ मध्ये पोर्तुगालच्या राजा मानुएलने ‘इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांचा विजय, नौकानयन व व्यापार यांचा स्वामी’ अशी पदवी घेतली. या चारांपैकी एकाही देशात तेव्हा त्याची वीतभर जमीन नव्हती. पदवीमागे तोफा आल्या आणि तोफांमागे कार्ताझ. हा शब्दसुद्धा अरबीतल्या ‘किर्तास’ म्हणजे कागद यावरून आलेला.

कार्ताझवर जहाजाचे माप, नाखुद्याचे नाव, खलाशी व हत्यारे किती, कुठून कुठे जाणार, हे लिहिलेले असे. मिरी, दालचिनी, युद्धाला लागणारे लोखंड, तांबे हे नेता येत नसे. तुर्कांना जहाजावर घेता येत नसे. कागदाची फी नगण्य होती. कमाई होती ती पुढच्या अटीत : जाता-येता गोवा, दीव किंवा होर्मुझसारख्या ठाण्यावर थांबून जकात भरायची. कागद नसेल किंवा कागदाबाहेर काही सापडले, तर जहाज मालासकट जप्त. बंदरांनी ऐकले नाही तर काय, याचे उत्तर दाभोळला मिळाले. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाने ते बेचिराख केले.

या व्यवस्थेत बिघाडही पहिल्यापासून होता. लाल समुद्राचे तोंड आवळायला एडन हवे होते, १५१३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कचा तिथला हल्ला फसला. एवढा समुद्र राखायला गलबते अपुरी. किल्ल्यांवरचे कप्तान स्वतःच खासगी व्यापारात गुंतलेले. सुमात्रातल्या आचेहून मिरीची जहाजे पोर्तुगीज ठाणी चुकवून सरळ लाल समुद्रात जाऊ लागली, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर अलेक्झांड्रियाच्या वाटेने युरोपात जाणारी मिरी पुन्हा पहिल्याएवढी झाली. म्हणजे ‘गामा आला आणि अरबांचा व्यापार बुडाला’ हे वाक्य त्याच शतकात खोटे ठरले होते. उलट कागद असूनही सुरक्षितता नव्हती. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ जहाज कार्ताझ जवळ असताना पकडून गोव्याला नेले गेले. चिडलेल्या बादशहाने दमणला वेढा घातला.

आता आपल्या घरचे उदाहरण. मराठा आरमाराचे प्रमुख सरखेल कान्होजी आंग्रे कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना दस्तक देत. दस्तक घेतला तर वाट मोकळी, नाही तर जप्ती. तत्त्व कार्ताझचेच. मुंबईचे इंग्रजही हिंदी जहाजांना स्वतःचे पास देतच होते. तरीही ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत कान्होजी ‘पायरेट’ ठरले, आणि आपल्याकडेही पुष्कळ लेखांत ते ‘इंग्रजांनी चाचे ठरवलेले शूर दर्यावर्दी’ एवढेच राहतात. शूर होते यात वाद नाही. १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रज हरले, १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले तेही हात हलवत परतले. पण त्यांचा मुद्दा शौर्यापलीकडचा, समुद्रावरच्या सत्तेचा होता : आपल्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यात परवाना कोणी द्यायचा? पोर्तुगीजाने दिला तर तो ‘प्रणाली’, इंग्रजाने दिला तर ‘पास’ आणि आंग्र्याने दिला तर ‘लूट’, ही शब्दयोजना आपण निमूट उचलली आहे. (फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती, हेही त्याच पानावर यायला हवे.)

विकायला माल नाही, मग युरोपने विकत घेतले कशावर? चांदीवर. आणि ती युरोपचीही नव्हती. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या खाणी १५४५ पासून, मेक्सिकोतल्या त्याच सुमारास. ही चांदी स्पॅनिश रियाल होऊन सुरतेच्या बंदरात उतरे, पण बाजारात ते नाणे चालत नसे. ते टांकसाळीत नेऊन वितळवायचे, रुपये पाडून घ्यायचे. रियालात शुद्ध चांदी सुमारे २५ ग्रॅम, रुपयात सुमारे ११. पाडणावळ जाऊन एका रियालाचे हाती येत दोन रुपयांहून थोडे जास्त. चालू वर्षाचा रुपया ‘सिक्का’, त्याच बादशहाचा पण मागच्या वर्षांचा ‘चलनी’, त्यावर सराफ बट्टा कापणार. पावसाळा संपताच सगळी जहाजे एकदम येत, टांकसाळीपुढे रांग लागे आणि कापड खरेदीचा हंगाम निसटू लागे. तेव्हा कंपनीला व्याजाने पैसे देणारे होते वीरजी व्होरासारखे सुरतेचे सावकार. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने ज्या घरातून मोठी संपत्ती उचलली, ते हेच वीरजी व्होरा. त्या वर्षी सुरतेत श्रीमंत कोण होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा काय हवा?

डचांनाही आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची लवंग-जायफळ घ्यायला गुजरात आणि चोळमंडळाचे कापडच न्यावे लागे. इंग्लंडमध्ये हेच कापड इतके खपले, की १७०० आणि १७२१ मध्ये संसदेला छापील सुती कापडावर बंदीचे कायदे करावे लागले. बंदीतून वाट ठेवली होती ती फेरनिर्यातीला. त्या मालाचा मोठा भाग पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या बदल्यात मोजला गेला. आपल्या विणकराचा माग आणि अटलांटिकवरचे गुलामांचे जहाज एकाच हिशेबाच्या वहीत आहेत, हे आपण शिकवत नाही.

खरा सांधा १४९८ चा नाही, १७६५ चा आहे. त्या वर्षी कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क मिळाला. तोवर कंपनीला कापडासाठी चांदी आणावी लागत होती, त्यानंतर बंगालच्याच रयतेकडून वसूल केलेल्या साऱ्यावर बंगालचे कापड घेता येऊ लागले. चांदीचा ओघ आटला तो याने. व्यापार आणि वसाहत यांतली रेघ कुठे ओढायची, असे विद्यार्थ्याने विचारले तर हे एक वर्ष पुरे आहे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. ‘पोर्तुगीजांच्या आधी समुद्र शांत होता’ असे हल्ली मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. १०२५ मध्ये राजेंद्र चोळाने सुमात्रातल्या श्रीविजय राज्याच्या बंदरांवर आरमार धाडले, ते काही शुभेच्छा द्यायला नव्हे. मार्को पोलो लिहितो, की ठाण्याचा राजा चाच्यांशी संगनमत करून होता आणि लुटीतले घोडे स्वतःकडे ठेवत होता. हबशी गुलामांची ने-आण गामापूर्वीची. त्याच वाटेने आलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जोरजबरदस्ती आधीही होती. सगळ्या समुद्राला एकाच राजाच्या कागदाने बांधायचा दावा मात्र नवा होता.

आमच्या रेवदंड्याजवळच्या चौलचा उल्लेख करून थांबतो. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी गामाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी होर्मुझहून नेहमीच्या गलबतातून, सोबत विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला गेला. रेवदंड्यात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. त्याने ‘मार्ग शोधला’ असे कोणी म्हणत नाही, कारण तो भाडे देऊन आला होता.

तेव्हा पुढच्या २० मेच्या दिनविशेषासाठी एक ओळ सुचवतो : ‘१४९८ : मालिंदीहून वाटाड्या घेऊन निघालेली तीन पोर्तुगीज जहाजे कालिकतला पोहोचली.’ जागा जवळपास तेवढीच लागेल.

आपला,
एक वाचक, रेवदंडा (जि. रायगड)