गोपनीय क्लाउडमधले फर्मवेअर कोणाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्लाउड कंपन्यांच्या माहितीपत्रकांत 'कॉन्फिडेन्शियल व्हर्च्युअल मशीन' (कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने मिळणारा, पण कंपनीलाही आत डोकावता येऊ नये असा आभासी संगणक) हे शब्द आता सर्रास दिसतात. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी किंवा इंटेलच्या टीडीएक्स या तंत्रात प्रोसेसर स्वतःच मशीनची मेमरी कूटबद्ध करतो आणि तिची किल्ली क्लाउड कंपनीच्या हायपरव्हायजरलाही (अशी आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही) मिळत नाही. हे खरे आहे. पण त्या मेमरीत सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, बहुधा कंपनीच ठरवते आणि पुरवते. भाड्याच्या घराला पक्के कुलूप लावायचे आणि आतला पहारेकरी मात्र घरमालकाने नेमलेला, असा हा प्रकार आहे.

यावर उत्तर मिळते ते अ‍ॅटेस्टेशनचे. मशीन सुरू होताना प्रोसेसर सुरुवातीच्या मेमरीचा डिजिटल ठसा, म्हणजे आतला मजकूर बदलला की बदलणारा आकडा, घेतो (एसएनपीमध्ये तो ३८४ बिटांचा असतो) आणि त्यावर चिपची सही असलेला अहवाल देतो. ठसा जुळला, तरच ग्राहकाने आपल्या कूटबद्ध डिस्कची किल्ली मशीनला द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. प्रश्न असा, की ठसा जुळवायचा कशाशी? फर्मवेअरचा सोर्स कोड हाती नसेल आणि त्यापासून तीच फाइल पुन्हा तयार करून पाहता येत नसेल, तर कंपनीने सांगितलेला आकडा कंपनीच्याच आकड्याशी ताडून पाहण्यापलीकडे ग्राहकाला काही करता येत नाही. त्यातच कंपनीने एखादी त्रुटी दूर करण्यासाठी फर्मवेअर बदलले, की ठसा बदलतो. मग एकतर किल्ली अडते आणि सेवा बंद पडते, नाहीतर घाईघाईने नवा ठसा डोळे झाकून मान्य केला जातो. दुसरा प्रकार मला अधिक धोकादायक वाटतो, कारण तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणूनच ग्राहकाने स्वतःचे फर्मवेअर आणावे, या दिशेने मुक्तस्रोत क्षेत्रात, विशेषतः क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाभोवती, जे काम चालू आहे, त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्यातली कल्पना सरळ आहे. ग्राहक आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रतिमेसोबतच (डिस्क इमेजसोबतच) फर्मवेअर ठेवतो. मशीन प्रथम कंपनीच्या फर्मवेअरवर सुरू होते, ग्राहकाचे फर्मवेअर हायपरव्हायजरच्या हवाली करते आणि स्वतःला रीसेट करायला सांगते. एकदा सुरू झालेल्या कूटबद्ध मशीनच्या पोटातले फर्मवेअर बाहेरून बदलता येत नसल्याने हायपरव्हायजरला सगळे नव्याने उभे करावे लागते, आणि प्रोसेसरही नव्या फर्मवेअरचा ठसा नव्याने घेतो. पहिल्या टप्प्यात कोणतेही गुपित मशीनला दिलेले नसते, त्यामुळे त्या टप्प्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही. हायपरव्हायजरने लबाडी करून भलतेच फर्मवेअर चढवले, तर ठसा जुळणार नाही आणि किल्ली सुटणार नाही. मशीन चालूच न करणे हे मात्र त्याच्या हाती राहते. त्यावर या तंत्रात उपाय नाही.

कंपन्यांचा आक्षेपही अगदीच निराधार नाही. फर्मवेअर ग्राहकाचे, म्हणजे त्याची डागडुजीही ग्राहकाकडे. जानेवारी २०२४ मध्ये ईडीके-२ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या फर्मवेअरच्या नेटवर्क भागात 'पिक्सीफेल' नावाने नऊ त्रुटी उघड झाल्या; अशा वेळी छोट्या संस्थेने कोणाकडे पाहायचे? तिच्यासाठी कंपनीचेच फर्मवेअर बरे, मात्र त्याचा सोर्स कोड खुला हवा. हे अशक्य नाही: अ‍ॅमेझॉनने आपल्या एसएनपी मशीनच्या फर्मवेअरचा कोड आणि ते तंतोतंत पुन्हा तयार करण्याची कृती प्रसिद्ध केलेली आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेची असते, प्रक्रिया दुसऱ्या कोणाकडून करून घेतली तरीही. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. जबाबदारी ढकलता येत नसेल, तर निवडीचा अधिकारही हाती असावा. तेव्हा राज्य शासनाने आणि सहकारी बँकांनी अशी सेवा घेताना करारात दोन अटी घालाव्यात: फर्मवेअरचा कोड पडताळणीसाठी खुला असावा आणि फर्मवेअर बदलण्यापूर्वी नवा ठसा ग्राहकाला आगाऊ कळवावा. ज्यांच्याकडे तज्ज्ञ मनुष्यबळ आहे, त्यांनी स्वतःचे फर्मवेअर चढवण्याची मुभाही मागून घ्यावी.

आपला,
संगणक क्षेत्रातील एक वाचक, पुणे