सीबी संच घाटात चालतो. अँटेना तेवढी नीट बसवा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

चोर्ला घाटातून बेळगावची भाजी गोव्यात आणणाऱ्या आम्हा पिकअपवाल्यांपैकी काही जणांनी गाडीत सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ, म्हणजे एका गाडीतून दुसऱ्या गाडीशी थेट बोलायचा बिनतारी संच, बसवून घेतला आहे. कारण उघड आहे. केरीचं अंजुणे धरण मागे पडलं की मोबाइलची रेंज येते-जाते, आणि पावसाळ्यात झाड आडवं पडतं किंवा दरड खाली येते ती नेमकी रेंज नसलेल्या टप्प्यात. पुढे गेलेल्याने मागच्याला दोन शब्दांत कळवलं तर मागचा खालीच थांबतो. त्याचा माल वाचतो, आणि धुक्यात वळणावर गाडी उलटी फिरवण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

पण हल्ली एकच रड कानावर येते. ‘संच घेतला, पैसे गेले, आणि दोन वळणांपलीकडचं ऐकू येत नाही.’ त्यावरून हे यंत्र आपल्या डोंगरात चालतच नाही, असं ठरवून लोक मोकळे होतात. काहींनी संच काढून विकलेही. वाहतुकीत पडण्याआधी मी बरीच वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं आहे, म्हणून खात्रीने लिहितो की दोष बहुतेक वेळा संचाचा नसतो आणि डोंगराचाही नसतो. अँटेना भलत्या जागी आणि भलत्या पद्धतीने बसवलेली असते.

सीबी 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. त्या लहरीची लांबी साधारण 11 मीटर. अँटेना तिच्या पाव हिश्शाएवढी, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास असली की उत्तम काम करते. एवढी काठी गाडीवर उभी केली तर गावातल्या पहिल्या फणसाच्या फांदीलाच ती अडकेल. म्हणून बाजारात मीटर-दीड मीटरच्या अँटेना मिळतात आणि कमी पडलेली लांबी बुडाशी किंवा मध्ये गुंडाळलेल्या कॉइलने भरून काढलेली असते. इथवर दुकानदारही सांगतो. तो सांगत नाही ते हे, की ही काठी म्हणजे निम्मीच अँटेना. उरलेली निम्मी म्हणजे गाडीचा पत्रा. काठीच्या बुडाखाली चहूबाजूंना जितका सलग पत्रा, तितका आवाज दूर आणि सगळीकडे सारखा जातो. म्हणून टपाचा मध्य ही सर्वांत चांगली जागा.

अँटेना मागच्या डाव्या कोपऱ्यात लावली तर जोर जास्त मिळतो तो समोरच्या उजव्या अंगाला, कारण गाडीचा बहुतेक पत्रा त्या बाजूला असतो. मागच्या बाजूला आवाज क्षीण जातो. आता विचार करा, घाटात आपल्याला सावध करायचं असतं ते कोणाला? मागून येणाऱ्यालाच. शहरातल्या दुकानांत मात्र अँटेना हमखास मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर लावून देतात, कारण तिथे केबल न्यायला सोपी आणि गाडीही रुबाबदार दिसते. त्यातून हल्लीच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे! प्लास्टिकवर अँटेना उभी केली की तिचं निम्मं अंग गेलंच.

आमच्या गावातल्या एका पिकअपचं सांगतो. केबिनच्या मागच्या पट्टीला लोखंडी ब्रॅकेट लावून तिच्यावर अँटेना बसवली होती. दिसायला काम नीटनेटकं. पण एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा मीटर, लावला तर काटा 3 च्या पलीकडे. म्हणजे संचातून निघालेल्या शक्तीचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त अँटेनाकडून परत फिरत होता. तसंच बोलत राहिलं तर संचाचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळायला वेळ लागत नाही. ज्याने हे काम केलं तो पोरगा शेजारीच उभा होता. म्हणाला, ‘काका, नट तर पक्का आवळलाय!’ नट पक्का होता, पण रंगावर पक्का होता. ब्रॅकेटला पावडर कोटिंग, पट्टीला कंपनीचा रंग, त्यामुळे लोखंडाला लोखंड कुठेच भिडत नव्हतं. मल्टिमीटरची एक पिन ब्रॅकेटला, दुसरी दाराच्या उघड्या बिजागरीला लावून दाखवली. जोड नाही.

मग आम्ही दोघांनी ते ब्रॅकेट उतरवलं. बोल्टच्या भोकाभोवती रुपयाच्या नाण्याएवढा रंग दोन्हीकडून पॉलिश पेपरने घासला, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. मध्ये दातेरी वॉशर घातला, आवळला आणि वरून ग्रीस लावून कडेने रंगाचा हात फिरवला. हा शेवटचा हात फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांवर पाऊस, त्यात खारा वारा. उघडं लोखंड ठेवलं तर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतं आणि गंज म्हणजे पुन्हा अडथळाच. सगळं झाल्यावर मीटरचा काटा दीडच्या आत आला. संच तोच, अँटेना तीच, जागाही तीच. त्या पोराने मल्टिमीटर हातात घेऊन स्वतः दोनदा पाहिलं आणि मग दुसऱ्या गाडीचं काम करायला घेतलं. त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं, यात त्याचा काय दोष?

पिकअपवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या केबिनचं टप लहान असतं आणि मागे ताडपत्रीसाठी लोखंडी सांगाडा त्याहून उंच असतो. अँटेना त्या सांगाड्याला खेटून उभी असेल तर नुसत्या अर्थिंगने, म्हणजे लोखंडाला लोखंड भिडवून, भागत नाही. निदान कॉइल आणि तिच्या वरचा भाग सांगाड्याच्या वर मोकळ्या हवेत आला पाहिजे. ट्रकवाल्यांनी वेगळीच काळजी घ्यावी. ट्रकची वीज 24 व्होल्टची आणि संच 12 व्होल्टचा. मध्ये कन्व्हर्टर हवाच. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून 12 व्होल्ट काढून घेण्याची सवय आपल्या मेकॅनिकांना आहे. त्याने एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि लवकर मरते. संचाची वायर सरळ बॅटरीवरून, बॅटरीजवळच फ्यूज घालून आणावी. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली तर बऱ्याचदा इंजिनची घरघर स्पीकरमध्ये ऐकू येते.

घरगुती गाड्यांना बहुतेक जण चुंबकाची अँटेना पसंत करतात. भोक पाडावं लागत नाही, टपाच्या मधोमध बसते, आणि मोठं चुंबक असेल तर कामही छान देते, कारण रंगाच्या पातळ थरातूनही पत्र्याशी तिचा विद्युत संबंध जुळतो. पण टप पोलादाचं असायला हवं. ॲल्युमिनियमला, फायबरला चुंबक चिकटत नाही आणि काचेच्या सनरूफवर तर प्रश्नच मिटला. आपल्याकडची तांबडी धूळ चुंबकाखाली गेली की रंगावर चरे पडतात, पावसाचं पाणी साचलं की गोल डाग उठतो. आठवड्याला एकदा चुंबक उचलून दोन्ही बाजू पुसाव्यात. केबल दारातून आत घेताना रबराच्या नरम भागातून घ्यावी, दाराच्या कडेत चेपू नये, आणि दाराबाहेर तिला थोडा खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी केबलवरून ओघळत आत न येता तिथूनच ठिबकून जातं. उरलेली केबल आवळून वेटोळं करून सीटखाली कोंबू नये, सैल पसरून ठेवावी.

आणि हे कृपया ठळक छापा. नव्या गाड्यांत काचांच्या वर, छताच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असतात. केबल खांबाच्या कव्हरमागून ओढताना ती एअरबॅगच्या वाटेत आली तर अपघाताच्या वेळी एअरबॅग नीट उघडणार नाही. ज्या फिटरला त्या गाडीत एअरबॅग कुठे आहे हे ठाऊक नाही, त्याला खांबाचं कव्हर उघडू देऊ नका.

कायद्याचंही सांगतो, कारण लोक घाबरतात तरी किंवा सरळ दुर्लक्ष करतात. केंद्र सरकारने 2005 च्या नियमांनी 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात 5 वॅटपर्यंतच्या संचांना परवान्यातून सूट दिली आहे. संच मात्र मंजुरी मिळालेल्या प्रकारचा हवा. बाहेरून येणाऱ्या संचांवर 40 चॅनेल असतात. त्यातला 27 वा चॅनेल 27.275 वर आहे, 28 वा 27.285 वर. म्हणजे आपल्यासाठी 27 व्यापर्यंतच मुभा. त्यापुढच्या चॅनेलवर बोलणं नियमात बसत नाही. काही जण संच कमी ऐकू येतो म्हणून बूस्टर लावायला निघतात. 5 वॅटची मर्यादा ओलांडणं बेकायदा तर आहेच, शिवाय ज्या अँटेनाकडून शक्ती परत फिरते तिच्यामागे बूस्टर लावणं म्हणजे फुटक्या घागरीत जास्त पाणी ओतणं. तेच पैसे ब्रॅकेट, केबल आणि मीटरवर घालावेत.

माइक हातात धरून बोलावं लागतं, हेही विसरू नये. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातातलं संपर्क साधन वापरणं धोकादायक चालवण्यात धरलं आहे. बोलायचं ते क्लीनरने. एकट्याने गाडी नेत असाल तर ऐका, आणि बोलायचं असेल तर गाडी कडेला घ्या. घाटात एका हाताने स्टेअरिंग धरणाऱ्याकडून मिळालेला दरडीचा निरोप मला नको.

आता मीटर. काम झाल्यावर गाडी मोकळ्या सड्यावर न्यावी. गॅरेजच्या पत्र्याखाली, झाडाखाली किंवा विजेच्या तारांजवळ मोजलेला आकडा खरा नसतो. दारं बंद करावीत, गाडीला टेकून कोणी उभं राहू नये. चॅनेल 1 वर मोजावं, मग 27 वर. 1 वर आकडा जास्त आणि 27 वर कमी आला तर काठी आखूड पडते आहे, स्क्रू सैल करून ती थोडी वर घ्यावी. उलट असेल तर खाली. दोन्हीकडे दीडच्या आसपास आला की उत्तम, 2 पर्यंत चालेल. दोन्हीकडे 3 च्या वर असेल तर काठीला हात लावू नका, आधी अर्थिंग आणि केबलच्या टोकाचा सोल्डर तपासा. हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे आणि ते केल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणं योग्य नाही. आमच्या भागातल्या एकाही दुकानात हा मीटर मी पाहिलेला नाही.

अँटेनाच्या टोकाला रबरी बोंडी असावी. गाडी उभी असताना मागच्या कोपऱ्यातली काठी स्कूटरवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी विजा कडकडू लागल्या की बोलणं बंद करून गाडी थांबवावी आणि आतच बसावं.

एवढं सगळं केल्यावरही 5 वॅटचा आवाज सह्याद्री ओलांडून जाणार नाही. घाटात काही किलोमीटर, मध्ये डोंगराचं अंग आलं तर त्याहून कमी. पण एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत निरोप केरीपर्यंत किंवा वर कणकुंबीपर्यंत पोचतो, आणि ज्याला रेंज सापडेल तो 112 ला फोन लावतो. त्यासाठी साखळीतल्या प्रत्येकाची अँटेना धड हवी. एकाची बिघडलेली असली की निरोप तिथेच अडतो. मोले-अनमोड मार्गाच्या गाड्यांनाही हेच लागू आहे.

म्हणून दोन मागण्या आपल्यामार्फत करतो. होंडा-सत्तरी आणि फर्मागुढीच्या आयटीआयने वाहनांच्या वायरिंगचं काम शिकणाऱ्या मुलांना गाडीवर अँटेना बसवणं आणि एसडब्ल्यूआर मोजणं हे एक प्रात्यक्षिक म्हणून शिकवावं. त्याला वेगळी प्रयोगशाळा लागत नाही, एक जुनी गाडी, एक संच आणि एक मीटर पुरे. आणि फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या दूरसंचार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मृगाच्या आधी एक रविवार आमच्यासाठी काढावा. केरी किंवा साखळी शहरात मोकळ्या जागी गाड्या लावून देण्याची, चहा-नाश्त्याची आणि पॉलिश पेपर, वॉशर, ग्रीस आणण्याची जबाबदारी आम्ही गाडीवाले घेतो. त्यांनी फक्त मीटर घेऊन यावं.

आपला विश्वासू,
एक भाजी वाहतूकदार,
केरी-सत्तरी