पत्नीच्या नावे सक्तीने विकलेल्या ड्रिंक्स पॅकेजच्या परताव्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (समुद्रपर्यटन),
नागपूर शाखा, रामदासपेठ, नागपूर.

विषय : क्रूझवरील ड्रिंक्स पॅकेजच्या अटी खरेदीपूर्वी न सांगणे, मुदतीत केलेली रद्द करण्याची विनंती नाकारणे आणि त्यापोटी घेतलेली रक्कम परत मिळणे याबाबत.

महोदय,

आपल्या रामदासपेठ येथील शाखेतून मी माझ्यासाठी व माझ्या पत्नीसाठी सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत येथे थांबणारी व पुन्हा सिंगापूरला परतणारी समुद्रसफर आरक्षित केली होती. जहाज, केबिन, जेवण किंवा जहाजावरील कर्मचारी यांच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. शाकाहारी जेवणाची व्यवस्था तर अपेक्षेपेक्षा चांगली होती. माझी तक्रार केवळ ड्रिंक्स पॅकेजविषयी आहे, आणि त्यातही मुख्यतः माझ्या पत्नीच्या नावे घ्यायला लावलेल्या पॅकेजविषयी आहे.

आरक्षणाच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने मला सांगितले की जहाजावर पेयांचे दर फार असतात, पॅकेज घेतले की ‘हवे तेवढे, हवे तेव्हा’ पिता येते आणि दोन दिवसांतच पैसे वसूल होतात. त्यांनी टॅबवर दाखवलेला दर प्रतिव्यक्ती प्रतिदिन ६५ डॉलर होता. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर त्यात १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेपोटी सक्तीने आकारली जाणारी बक्षिसी, मिळवली गेली आणि तो ७६.७० डॉलर झाला. याविषयी विचारले असता, ‘ते सगळीकडेच असते’ असे उत्तर मिळाले. ते सगळीकडे असते हे खरे आहे. क्रूझ कंपन्या पेयांवर साधारण १८ ते २० टक्के ग्रॅच्युइटी लावतात हे मला आता ठाऊक आहे. पण जी रक्कम प्रत्येकाला भरावीच लागते, ती पहिल्या पानावर न दाखवता शेवटच्या पानावर दाखवण्याचे प्रयोजन काय, हे मला आजही समजलेले नाही.

माझी पत्नी मद्यपान करत नाही, हे मी त्याच वेळी स्पष्टपणे सांगितले होते. त्यावर प्रतिनिधीने सांगितले की एका केबिनमधील एका प्रौढाने मद्यासह असलेले पॅकेज घेतले तर त्याच केबिनमधील दुसऱ्या प्रौढानेही तेच घ्यावे लागते, आणि तेही सफरीच्या सर्व दिवसांसाठी; काही दिवसांपुरते घेता येत नाही. एकाच्या पॅकेजवर दोघांनी पिऊ नये म्हणून हा नियम असतो, हे त्यामागचे कारण मला मान्य आहे. परंतु नियमाला अपवाद आहे की नाही, असे मी विचारले असता ‘अजिबात नाही’ असे सांगण्यात आले. माझी पत्नी मूळची वर्ध्याची आहे, हे बोलण्यात आल्यावर, ‘मॅडम, वर्ध्याची दारूबंदी समुद्रात लागू नसते’ असा विनोदही आपल्या प्रतिनिधीने केला. त्या विनोदाबद्दल मी वेगळी तक्रार करत नाही. मात्र ग्राहकाने ‘मला हे नको’ असे सांगितल्यावर त्याचे उत्तर नियमपुस्तिकेतून यायला हवे होते, एवढे नमूद करतो. त्याच दिवशी पैसे भरले नाहीत तर हा दर मिळणार नाही, असेही सांगण्यात आले. प्रत्यक्षात सफर सुरू होण्याच्या आठवडाभर आधीही आपल्या संकेतस्थळावर तोच दर दिसत होता आणि त्या पानाचे चित्र मी जपून ठेवले आहे.

शाखेतून घरी आल्यावर मी हिशेब मांडला आणि त्यातून पडलेले प्रश्न शाखेला ई-मेलने विचारले. जहाजावरील बारचा दरफलक कोणता, पॅकेजमध्ये एका पेयासाठी किमतीची मर्यादा किती, दिवसाला किती पेयांची मर्यादा आहे, कोणती पेये पॅकेजबाहेर आहेत आणि कोणती पेये पॅकेज नसतानाही मोफत मिळतात, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. पॅकेज घ्यावे की नाही हे ठरवण्यासाठी यापेक्षा अधिक माहिती लागत नाही आणि यापेक्षा कमी माहितीवर ते ठरवता येत नाही. उत्तरादाखल मला पोहण्याच्या तलावाशेजारी ग्लास उंचावलेल्या जोडप्याचे रंगीत पत्रक पाठवण्यात आले, ज्यात एकही दर नव्हता.

दरफलक मला जहाजावर गेल्यानंतरच पाहायला मिळाला. त्यावरून केलेला हिशेब येथे देतो, कारण माझ्या मागणीचा आधार तोच आहे. जहाजावर कॉकटेल १२ डॉलर, बिअर ८ डॉलर, मॉकटेल ७ डॉलर, यंत्रावरची कॉफी साडेचार डॉलर आणि शीतपेय साडेतीन डॉलर होते. सुटे पेय घेतले तरी त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी लागते, म्हणून तुलना करताना ती दोन्हीकडे धरायला हवी. कॉकटेल १४.१६ डॉलरला आणि बिअर ९.४४ डॉलरला पडते. म्हणजे एका व्यक्तीचे पॅकेज वसूल व्हायचे तर दररोज सहा कॉकटेल किंवा नऊ बिअर घ्याव्या लागतात. रोज इतके पिणारे प्रवासी असतात आणि त्यांच्यासाठी पॅकेज फायद्याचेच आहे; समुद्रातच दिवस काढणाऱ्या सफरीत ते आणखी सोयीचे पडते, हेही मान्य करायला हवे. पण आमच्या सफरीत पेनांग आणि फुकेत येथे दिवसाचा मोठा भाग किनाऱ्यावर जात होता. पेनांगमधील जॉर्ज टाउनच्या जुन्या गल्ल्यांतून फिरताना आम्ही जे काही प्यालो, त्याचे पैसे तेथील दुकानदाराला वेगळे दिले, आणि त्याच दिवसाचे पूर्ण पॅकेजही आमच्या नावे लागलेले होते.

आता पत्नीचा हिशेब पाहावा. मद्य न घेणाऱ्या व्यक्तीला ७६.७० डॉलर वसूल करायचे असतील तर दिवसाला एकोणीस शीतपेये प्यावी लागतील. तिने एखाद्या दिवशी एक कॉफी, एक मॉकटेल आणि एक शीतपेय घेतले तर ग्रॅच्युइटीसह १७.७० डॉलर होतात. मी दोन बिअर, एक कॉकटेल आणि एक कॉफी घेतली तर ३८.३५ डॉलर होतात. दोघांचे मिळून ५६.०५ डॉलर, आणि आपण आमच्याकडून घेतले दररोज १५३.४० डॉलर.

पत्नीच्या वाट्याचे नुकसान मी भरून काढावे, असा सल्लाही जहाजावर एका सहप्रवाशाने गमतीने दिला होता. तोही तपासून पाहिला. दोघांचे पॅकेज एकट्याने बिअरवर वसूल करायचे तर दिवसाला सतरा बिअर लागतात. पण पॅकेजच्या अटींनुसार एका व्यक्तीला दिवसाला पंधरापेक्षा जास्त मद्ययुक्त पेये मिळतच नाहीत. म्हणजे जिथे एकच जण पितो आणि तो बिअर पितो, अशा केबिनला आपण विकलेले पॅकेज आपल्याच नियमामुळे वसूल होणे अशक्य आहे. पंधरा पेयांची मर्यादा आरोग्याच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. आक्षेप तिला नाही. ‘हवे तेवढे, हवे तेव्हा’ असे सांगून विकताना ती लपवण्याला आहे.

पॅकेजबाहेर काय काय होते, हेही मला जहाजावरच एकेक करून कळत गेले. १४ डॉलरहून महाग असलेली पेये त्यात नव्हती, म्हणजे जाहिरातीतल्या छायाचित्रातील बहुतेक व्हिस्की त्यात नव्हत्या. केबिनमधील छोट्या फ्रिजमधल्या वस्तू नव्हत्या, केबिनमध्ये मागवलेली पेये नव्हती. ताज्या फळांचा रसही नव्हता. माझ्या पत्नीला रोज हवा असणारा एकमेव पदार्थ तोच होता, आणि संत्र्याच्या रसाचा पेला वेगळे पैसे देऊन घेताना नागपूरच्या माणसाला काय वाटते हे आपल्या नागपूर शाखेला समजावून सांगण्याची गरज नसावी. याउलट पिण्याचे पाणी, साधा चहा, साधी कॉफी, लिंबू सरबत आणि न्याहारीच्या वेळचा डब्यातला रस हे बुफेवर सर्वांनाच मोफत होते. पॅकेज न घेतलेल्या प्रवाशालाही ते मिळत होते. ‘पॅकेज नसेल तर पाण्यालाही पैसे पडतील’ हे शाखेतील विधान म्हणूनच सरळ सरळ चुकीचे होते.

इथपर्यंतचा भाग अपुऱ्या माहितीचा आहे. यापुढची बाब त्याहून गंभीर आहे. सफर सुरू होण्यापूर्वी मी शाखेला लेखी विनंती केली होती की माझ्या पत्नीचे पॅकेज रद्द करावे आणि त्यासाठी आवश्यक असल्यास माझेही रद्द करावे. ‘एकदा घेतलेले पॅकेज कोणत्याही परिस्थितीत रद्द होत नाही’ असे उत्तर मला ई-मेलने मिळाले. जहाजावर चढल्यानंतर मी प्रवासी सेवा कक्षात चौकशी केली. तेथील अधिकाऱ्यांनी संगणकावर अटी उघडून मला दाखवल्या. आगाऊ घेतलेले पॅकेज जहाज निघण्याच्या ४८ तास आधीपर्यंत पूर्ण परताव्यासह रद्द करता येते आणि केबिनमधील एखादी व्यक्ती मद्य घेत नसेल तर विनंतीवरून तिला मद्यविरहित पॅकेज देता येते, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. त्या मद्यविरहित पॅकेजचा दर २९ डॉलर, म्हणजे ग्रॅच्युइटीसह ३४.२२ डॉलर होता. मी केलेली विनंती या मुदतीच्या कितीतरी आधीची होती. मात्र सफर सुरू झाल्यावर आता काही करता येत नाही, आरक्षण ज्या शाखेतून झाले तिच्याकडेच दाद मागावी, असे त्यांनी सौजन्याने पण ठामपणे सांगितले. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

येथे दोन शक्यता उरतात. एक तर आपल्या शाखेला या अटी माहीत नव्हत्या, किंवा माहीत असून सांगितल्या नाहीत. यांपैकी कोणती खरी आहे हे शोधणे माझे काम नाही, कारण दोन्ही प्रसंगी परिणाम सारखाच आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरातला, पहिल्यांदा जहाजावर जाणारा ग्राहक शाखेच्या शब्दावरच अवलंबून असतो आणि त्यासाठीच तो सेवाशुल्क भरून शाखेत येतो. अन्यथा त्याने घरी बसून मोबाईलवरच आरक्षण केले असते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेच्या दराची व स्वरूपाची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि एक सेवा मिळण्यासाठी दुसरी सेवा विकत घेण्याची अट घालणे ही त्याच अधिनियमाच्या कलम २ (४१) अन्वये निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. मूळ रक्कम आधी आणि सक्तीची रक्कम शेवटी दाखवणे, तसेच ‘आजच घ्या, उद्या मिळणार नाही’ अशी खोटी घाई निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, रोखण्यासाठी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी नोंदवलेल्या आहेत. जहाज परदेशातून निघाले, म्हणून प्रकरण येथे चालणार नाही, असे उत्तर कृपया देऊ नये. पैसे नागपुरात घेतले गेले, पावती नागपूरची आहे, चुकीचे उत्तर नागपूर शाखेच्या ई-मेलवरून आलेले आहे, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे.

माझी मागणी मर्यादित आहे. माझ्या स्वतःच्या पॅकेजपोटी मी काहीही मागत नाही. ते मी वापरले आहे आणि त्याचा नफा-तोटा माझा मी पाहीन. माझ्या पत्नीच्या पॅकेजची ग्रॅच्युइटीसह संपूर्ण रक्कम परत करावी. त्यातून तिने प्रत्यक्ष घेतलेल्या पेयांची दरफलकाप्रमाणे होणारी रक्कम वजा करण्यास माझी हरकत नाही. जहाजाच्या अंतिम बिलात प्रत्येक पेयाची वेळेसह नोंद आहे, त्यामुळे हा हिशेब आपल्याला सहज करता येईल. परतावा ज्या विनिमय दराने माझ्याकडून रुपये घेतले त्याच दराने व्हावा. तो दर पावतीवर छापलेला नाही, तो लेखी कळवावा. पुढील सफरीवर सवलतीचे कूपन मला नको आहे.

याखेरीज शाखेत हे पॅकेज विकताना बारचा दरफलक, दैनंदिन मर्यादा, वगळलेली पेये, मोफत मिळणारी पेये आणि रद्द करण्याची मुदत मराठीत छापून ग्राहकाच्या हाती द्यावी, अशी विनंती आहे. हे एका पानात मावते. मी स्वतःच्या वापरासाठी तसे पान तयार केले आहे आणि त्याची प्रत सोबत जोडली आहे. शाखेला ते उपयोगी पडणार असेल तर खुशाल वापरावे.

पावती, दोन्ही बाजूंचे ई-मेल, संकेतस्थळावरील दराचे चित्र, जहाजावरील दरफलकाचे छायाचित्र आणि अंतिम बिल यांच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, क्रमांक १९१५ वर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नागपूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे याच कागदपत्रांसह दाद मागेन. दूरध्वनीवरून तोडगा सुचवू नये. जे काही सांगायचे असेल ते लेखीच कळवावे.

आपला,
(बुकिंगमध्ये नमूद असलेला ग्राहक)
प्रतापनगर, नागपूर